दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला निवासी शिबिराला पाठवायचं का?

कोथरूडहून एका आईने विचारलं आहे. मुलगा ९ वर्षांचा, वजन २६ किलो, शेंगदाणे आणि काजू दोन्हींची अ‍ॅलर्जी. दोन वर्षांपूर्वी एका मुंजीत काजूची बर्फी खाल्ल्यावर अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, दम लागला आणि दवाखान्यात अ‍ॅड्रेनॅलिन द्यावं लागलं. आता मे महिन्यात वर्गातले मित्र पानशेतच्या बाजूला सहा दिवसांच्या निवासी शिबिराला चाललेत. संयोजक म्हणतात, 'फॉर्मवर लिहून द्या, आम्ही लक्ष ठेवू.' सासूबाईंचा ठाम विरोध, नवरा म्हणतो जाऊ दे. पाठवायचं का, पाठवायचं तर काय काय विचारायचं आणि रोज फोन करायचा का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

पाठवता येईल. पण 'आम्ही लक्ष ठेवू' एवढ्या भरवशावर नाही.

लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीचं काम करताना दरवर्षी मार्च उजाडला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. आईवडिलांचा सगळा जोर जेवणावर असतो: मेनू काय, तेल कुठलं, डबा वेगळा देऊ का. ते महत्त्वाचं आहेच आणि त्यावर मी खाली बरंच लिहिणार आहे. पण माझा होकार-नकार दुसऱ्याच प्रश्नावर ठरतो. शिबिरात चोवीस तास मुलाच्या हाकेच्या अंतरावर अशी एक मोठी व्यक्ती आहे का, जी वेळ आली तर अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन स्वतःच्या हाताने, कुणाची परवानगी न मागता देईल? तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का? 'आमच्याकडे डॉक्टर ऑन कॉल असतात' हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. डॉक्टर सिंहगड रोडला आणि मुलगा धरणाच्या काठावर, तर त्या कॉलचा उपयोग काय?

एवढा आग्रह का, तर वेळ फार थोडा असतो. ब्रिटनमध्ये अ‍ॅलर्जीच्या झटक्याने झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अन्नाच्या अ‍ॅलर्जीमुळे गेलेल्या लोकांमध्ये श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा मध्यक काळ ३० मिनिटांचा निघाला, म्हणजे निम्म्या जणांना तेवढाही वेळ मिळाला नाही. पानशेतहून गाडी काढून, शनिवारची सिंहगड रोडवरची गर्दी कापत मोठ्या हॉस्पिटलात पोचायला किती वेळ लागतो हे पुणेकरांना सांगायला नको. म्हणून काही आया 'मी जवळच रिसॉर्टमध्ये खोली घेऊन राहते' म्हणतात, त्यालाही फारसा अर्थ नाही. तुम्ही वीस मिनिटांवर असलात काय आणि घरी असलात काय, पहिला डोस शिबिरातल्या माणसानेच द्यायचा आहे.

दुसरी अडचण ओळखण्याची. उन्हाळी शिबिरात मूल उलटी करतं, चक्कर येते म्हणतं, तेव्हा दादा-ताईंच्या मनात पहिलं येतं ते ऊन. सावलीत बसवतात, लिंबू सरबत देतात. अंगावर गांधी आल्या तर 'पित्त उठलंय' म्हणून आमसुलाचं पाणी चोळतात. हा आपल्याकडचा घरोघरचा उपाय आहे, साध्या पित्तावर त्याने काही बिघडतही नाही, पण अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात, त्या दहा मिनिटांची किंमत फार मोठी असते. तुमच्या मुलासाठी मी शिबिराला साध्या शब्दांत लिहून देईन: खाल्ल्यानंतर थोड्या वेळात, अगदी दोन तासांपर्यंत, गांधी किंवा ओठ-डोळे सुजणं, आणि त्याच्या जोडीला उलटी, पोटात कळ, खोकला, दम किंवा चक्कर यांपैकी काहीही दिसलं, तर इंजेक्शन. दाणे किंवा काजू पोटात गेल्याची शंका असताना नुसता दम लागला, आवाज बसला, 'घशात काहीतरी अडकलंय' असं तो म्हणाला किंवा एकाएकी पांढरा पडून मलूल झाला, तरी इंजेक्शन. अंगावर काहीच उठलेलं नसलं तरीसुद्धा. काही मुलांच्या त्वचेवर काही दिसतच नाही आणि तिथेच माणसं फसतात.

सेट्रिझिन किंवा अ‍ॅव्हिल हे अ‍ॅड्रेनॅलिनला पर्याय नाहीत. त्यांनी खाज आणि गांधी कमी होतात. सुजलेला घसा मोकळा होत नाही, पडलेलं ब्लड प्रेशर चढत नाही. उलट अ‍ॅव्हिलने मूल झोपाळतं, मग ते औषधाने पेंगतंय की खालावतंय हे कळेनासं होतं. स्टिरॉइडचा परिणाम सुरू व्हायला काही तास लागतात. फक्त चार गांधी आहेत, मूल हसतंखेळतं आहे, तर सेट्रिझिन द्या आणि त्याच्यापाशी बसून राहा. त्यापुढे काहीही दिसलं तर आधी इंजेक्शन, मग १०८ ला फोन, मग तुम्हाला. हा क्रम त्यांच्याकडून तोंडपाठ म्हणवून घ्या, कारण दादा-ताईंचा कल आधी पालकांना फोन लावण्याकडे असतो आणि पालक मीटिंगमध्ये असतात.

आता इंजेक्शनचं व्यवहारात काय करायचं. परदेशात मांडीवर दाबलं की आपोआप टोचणारी पेनं मिळतात. आपल्याकडे ती औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवली तर महाग पडतात. घरात असेल तर उत्तमच. नसेल तर साधी अँप्यूल, म्हणजे औषधाची बंद काचेची कुपी: १ मिलीत १ मिलीग्राम, अगदी थोड्या पैशांत मिळते. मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिलीग्राम, लहान मुलांत जास्तीत जास्त ०.३ मिलीग्राम. म्हणजे तुमच्या मुलासाठी साधारण पाव मिली. पण हा आकडा माझ्या उत्तरातून उतरवून घेऊ नका. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांकडून मिलीमध्ये, अक्षरी आणि अंकी, सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या. सिरिंज १ मिलीची, सुई इंच लांबीची. इन्शुलिनची सिरिंज कुणी सुचवली तर नको म्हणा: तिची सुई आखूड असते, औषध स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असल्याने घाईत गोंधळ होतो.

हात थरथरत असताना अँप्यूल फोडून नेमकं पाव मिली ओढायला नवख्या माणसाला दोन मिनिटं सहज लागतात. म्हणून काही डॉक्टर शिबिरापुरत्या सिरिंजा भरून, लेबल लावून, उजेडापासून झाकून देतात. सहा दिवसांसाठी ते चालतं आणि माझी पसंती त्यालाच आहे. दोन भरलेल्या सिरिंजा आणि वर एक-दोन अँप्यूल, म्हणजे एखादी फुटली तरी अडत नाही. दोन अशासाठी की ५ ते १५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस द्यावा लागतो. टोचायचं मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध, सरळ आत; पातळ कपड्यावरूनही चालतं. नंतर मुलाला आडवं करून पाय उशीवर किंवा सॅकवर उंच ठेवायचे. दम जास्त असेल तर बसू द्यायचं. उठवून चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही, उचलून न्यायचं. एकदम उभं केल्यावर मूल कोसळल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

'चुकून दिलं आणि हार्टला काही झालं तर?' हे शिबिराचे लोक हमखास विचारतात. निरोगी मुलाला या मात्रेत, मांडीत दिलं तर छाती धडधडते, हात कापतात, चेहरा पांढरा पडतो आणि काही मिनिटांत सगळं निवळतं. गरज नसताना दिल्याचा तोटा एवढाच. गरज असताना न दिल्याचा तोटा तुम्ही त्यांना सांगा.

शिबिराच्या आधी एकदा त्या दादाला किंवा ताईला प्रत्यक्ष भेटा. सोबत एक संत्रं, दोन रिकाम्या सिरिंजा आणि सलाईनची छोटी बाटली न्या. तुमच्यासमोर त्यांना पाव मिली ओढून संत्र्यात टोचायला लावा. पहिल्यांदा सगळे जण सुई हळूहळू, भीत भीत आत घालतात. तिसऱ्यांदा हात सरावतो. जो माणूस हे करायला कां कू करतो तो खरी वेळ आल्यावरही करणार नाही, हे तिथेच कळतं. मग दुसरा माणूस मागा. दोघे तयार झाले तर फारच छान, कारण एक जण आंघोळीला गेलेला असतोच.

औषधाचा पाउच कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात नको. तो त्या व्यक्तीच्या कमरेला, आणि मुलं पाण्यात उतरली की काठावर. अ‍ॅड्रेनॅलिनला साधारण २५ अंशांपर्यंतचं तापमान मानवतं. मे महिन्यात पुणे परिसरात पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात उभ्या बसमध्ये त्याहून वर जातो. तेव्हा डॅशबोर्डवर ठेवायचं नाही, बर्फातही घालायचं नाही. थर्माकोलचं अस्तर असलेला पाउच पुरतो. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर टाकून द्यायचं.

जेवणाचं आता बोलू, कारण मराठी स्वयंपाकात दाणे टाळणं म्हणजे काय हे बाहेरून आलेल्या कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

अशा शिबिराच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात कुटाचा एक मोठा स्टीलचा डबा असतो. आचारीकाका त्यातून मुठीने कूट काढतात, कोशिंबिरीत घालतात, तोच हात मिठाच्या बरणीत जातो. दाणे ज्या मिक्सरच्या भांड्यात फिरवले, त्यातच पाणी फिरवून हिरवी चटणी वाटली जाते. कुणाचाही हेतू वाईट नसतो. सकाळी पोह्यांत दाणे, संकष्टी आली तर साबुदाण्याची खिचडी किंवा भगरीबरोबर दाण्याची आमटी, दुपारी भरली वांगी आणि काकडीची कोशिंबीर, चारला भेळ, सिंहगडावर नेलं तर पिठलं-भाकरीबरोबर ठेचा, त्यातही दाणे. शेवटच्या रात्री 'स्पेशल' म्हणून पनीरची भाजी, तिच्या रश्श्यात काजू-मगज वाटलेलं. जाताना बस थांबते तिथल्या वडापावची कोरडी चटणी आणि परतताना वाटेत घेतलेली चिक्की वेगळीच.

तेलाचंही विचारा. रिफाइंड शेंगदाणा तेलातली प्रथिनं जवळपास निघून गेलेली असतात, त्यामुळे दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ते त्रास देत नाही. फिल्टर केलेल्या किंवा लाकडी घाण्याच्या तेलात मात्र ती राहतात. गंमत अशी की हल्ली शिबिरं 'आम्ही घाण्याचंच तेल वापरतो' हे अभिमानाने सांगतात. तुमच्यासाठी तो इशारा समजा.

'त्याच्यासाठी वेगळं करू' हे आश्वासन मी फारसं मानत नाही. ऐंशी मुलांच्या पंगतीत वेगळी पळी तिसऱ्या दिवशी हरवते. त्यापेक्षा मागणी अशी करा: सहा दिवस स्वयंपाकघरात दाणे, कूट आणि काजू आणायचेच नाहीत. ऐकायला मोठी वाटते, पण आचाऱ्याला ती सोपी असते. पोतं आलंच नाही तर चुकायला जागा उरत नाही. कुटाऐवजी ओलं किंवा सुकं खोबरं, नाहीतर डाळ्याचं पीठ, अर्थात तुमचा मुलगा हे घरी व्यवस्थित खात असेल तरच. काजूची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पिस्ताही बहुधा बाधतो, दोन्हींची प्रथिनं जवळची आहेत, म्हणून आइस्क्रीमच्या दिवशी पिस्ता-केशर नको. संयोजकांनी ही मागणी मानली नाही तर मुलाचं जेवण साधं ठेवा: वरण-भात, पोळी, तूप, केळी, कलिंगड. आणि त्याचं पान पंगतीत सर्वांत आधी, न वापरलेल्या डावाने वाढायचं.

पाकिटबंद वस्तूंवर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दाणे, काजूसारखी कवचफळं, दूध, अंडी, मासे, सोया, ग्लूटेनयुक्त धान्यं असल्यास तसं छापावं लागतं. तिळाचा त्या यादीत समावेश नाही, हे तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवावं. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर हिंगाची डबी वाचा. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. हिरव्या ठिपक्याचा अ‍ॅलर्जीशी संबंध नाही, तो फक्त शाकाहार सांगतो. सुटं फरसाण, बेकरीची सुटी बिस्किटं, कुणाच्या घरून आलेल्या खाऊच्या डब्यातला लाडू आणि आरतीनंतरचा गूळ-दाण्याचा प्रसाद यांना लेबलच नसतं. ते सगळं बाद. त्याच्यासाठी तुम्ही भरलेला खाऊचा डबा ताईंकडे ठेवा, म्हणजे प्रसाद नाकारला तरी हातात काहीतरी येईल.

वासाने काही होत नाही. शेजारच्या मुलाने दाणे खाल्ले म्हणून तुमच्या मुलाला अ‍ॅनाफिलॅक्सिस होत नाही. कूट लागलेला हात तोंडात गेला तर होऊ शकतो. म्हणून त्याला वेगळ्या कोपऱ्यात बसवू नका, सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा. सॅनिटायझरने जंतू मरतात, दाण्याची प्रथिनं हातावर तशीच राहतात.

मुलाला काय शिकवायचं? नऊ वर्षांचं मूल 'यात दाणे आहेत का?' असं विचारतं आणि वाढणारी मावशी ताटात अख्खा दाणा दिसत नाही म्हणून 'नाही रे बाळा' म्हणते. त्याला 'यात काय काय घातलंय?' असं विचारायला शिकवा. कूट तेव्हा बाहेर येतं. आणि एक गोष्ट घोटून घ्या: खाल्ल्यावर कसंतरी वाटलं तर एकट्याने बाथरूमकडे किंवा तंबूत जायचं नाही. मुलं लाजतात, मळमळायला लागलं की बाजूला जातात आणि नेमकी तिथे कुणाला दिसत नाहीत. हे त्याच्या जवळच्या एका मित्रालाही सांगून ठेवा. या वयाची मुलं असली जबाबदारी मोठ्यांपेक्षा चोख पाळतात.

दवाखान्याचं नियोजन थोडक्यात. शिबिराच्या जागेपासून सर्वांत जवळचं कुठलं ठिकाण रात्रीही उघडं असतं, तिथे ऑक्सिजन आणि डॉक्टर असतात का, हे आधी स्वतः जाऊन बघा. १०८ ला सांगायचा पत्ता, म्हणजे गाव, तालुका आणि जवळची खूण, कागदावर लिहून भिंतीला लावायला सांगा. शिबिराची गाडी रात्री तिथेच असते का आणि ड्रायव्हर कुठे झोपतो, हेही विचारा. इंजेक्शननंतर मूल ठणठणीत दिसलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

तुमच्या पत्रात नाही, पण अनेकांच्या बाबतीत खरं आहे म्हणून लिहितो: वीस-पंचवीस पदार्थ 'पॉझिटिव्ह' असलेला रक्ताचा रिपोर्ट शिबिराला देऊ नका. आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित रक्तातलं प्रतिपिंड, वाढलेलं दिसणं म्हणजे अ‍ॅलर्जी असणं नव्हे, आणि 'इनटॉलरन्स'च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या पॅनेलला तर निदानात काहीच स्थान नाही. लांबलचक यादी पाहिली की आचारी पहिल्या दिवशी घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी ती सोडून देतो. दोनच नावं लिहिलीत तर ती लक्षात राहतात.

आता नकार कधी. इंजेक्शन द्यायला कुणी तयार नसेल तर. दमा असेल आणि गेल्या महिन्यात आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा पंप घ्यावा लागला असेल तर, कारण आटोक्यात नसलेला दमा अ‍ॅलर्जीचा झटका जीवघेणा करतो. आणि संयोजकांनी तुमचं ऐकताना 'हल्लीच्या मुलांना फारच अ‍ॅलर्जी असते बाई' असा सूर लावला तर. तिसरं कारण वैद्यकीय नाही, पण मी त्यावरही पालकांना थांबवलं आहे. त्या परिस्थितीत शहरातलं दिवसाचं शिबिर बघा, पुण्यात त्यांची वानवा नाही.

सासूबाईंची भीती उगाच नाही. मुंजीतलं ते सगळं त्यांनीही पाहिलेलं असणार. त्यांना समजावत बसण्यापेक्षा संत्र्याचा सराव घरी कराल तेव्हा त्यांच्याही हातात सिरिंज द्या. घरात इंजेक्शन देता येणारं आणखी एक माणूस तयार होईल ते वेगळंच.

रोजच्या फोनबद्दल: फोन करा, पण तो आचाऱ्यांना. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर दोन मिनिटं. उद्या नाश्त्याला काय, ठरलेल्यात काही बदललं का, बाहेरून कुणी काही आणून दिलंय का. मेनू बहुतेक वेळा आयत्या वेळी, भाजी आली नाही किंवा कुणीतरी खाऊ पाठवला म्हणून बदलतो आणि तो बदल फॉर्मवर कुठेच येत नाही. धरणाच्या पुढे नेटवर्क जातं-येतं, म्हणून निघण्यापूर्वीच दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमचे नंबर घेऊन ठेवा आणि तिथे उभं राहून दोन्ही लावून बघा.